दुखलं तरच घ्या

कॅन्सरच्या रुग्णाच्या जाडजूड फायलीत, स्कॅन आणि रक्ताच्या रिपोर्टांच्या मध्ये कुठेतरी, एक चिठ्ठी हमखास सापडते. वेदनाशामक गोळीचं नाव आणि पुढे तीन अक्षरं, एसओएस. औषधाच्या दुकानातला पोरगा त्याचं मराठी करून पाकिटावर पेनानं लिहून देतो, ‘दुखलं तरच’. यात कुणाच्या मनात पाप नसतं. डोकं चढलं, दाढ ठणकली, तर हीच रीत बरोबर. पण दाढेचं दुखणं येतं तसं जातं. कॅन्सरचं दुखणं घरात मुक्कामालाच येतं, आणि मुक्कामाला आलेल्याची सोय ‘आला तर बघू’ अशी करून भागत नाही.

समजा, सांगोला तालुक्यातल्या एका वस्तीवरचे आबा आहेत. वय बासष्ट. तंबाखूची चंची चाळीस वर्षं कनवटीला. डाव्या गालाच्या आतला कॅन्सर. ऑपरेशन झालं, ‘लाइट’ म्हणजे रेडिएशन घेऊन झाले, आणि वर्षभरात गाठ परत आली. आता गिळता येत नाही, नाकातून नळी घातली आहे. गोळीचं पाकीट उशाशी आहे, पण आबा ती लवकर घेत नाहीत. सूनबाई विचारते, “आबा, दुखतंय का?” आबा हात हलवतात, म्हणजे चालायचंच. पहाटे तीनला मात्र सहन होईनासं झालं की ते भिंतीवर थाप मारतात. सून उठते, गोळी कुटते, पाण्यात कालवून नळीतून सोडते. गोळीचा गुण यायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ आबा कॉटच्या पाइपाला धरून बसतात. मग तीन-चार तास बरे जातात आणि पुन्हा तेच चक्र. गोळी लागू पडत नाही असं घरातल्यांना वाटतं. गोळी लागू पडते, ती दर वेळी उशिरा पोचते एवढंच.

आबांसारख्या माणसाचं दुखणं कमी करण्याचं ज्ञान अजून वैद्यकाला नीट गवसलेलं नाही, असं वाटण्याचा संभव आहे. तसं काही नाही. आबांचं लग्न झालं त्याच सुमाराला, १९८६ मध्ये, ते एका लहानशा पुस्तिकेत छापून जगभर वाटलं गेलं होतं.

त्याची सुरुवात त्याहूनही जुनी. लंडनच्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका. दुखण्यावर काम करायचं तर डॉक्टरच व्हायला हवं असं ठरवून त्यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर वैद्यकीय पदवी घेतली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्या सेंट ल्यूक्स या मरणासन्न रुग्णांच्या रुग्णालयात स्वयंसेविका म्हणून जात. इतर रुग्णालयांत मॉर्फिनचं इंजेक्शन रुग्ण विव्हळायला लागल्यावर, जणू मेहरबानी म्हणून मिळे. इथे मात्र मॉर्फिन ठरावीक तासांनी, तोंडावाटे, मागण्याआधीच दिलं जाई. माणसं जागी असत, बोलत, कुणी विणत बसे. साँडर्सबाईंनी ही गोष्ट उचलली, पुढच्या कामात त्याच्या काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं केलं. दुखणं परतायच्या आत पुढचा डोस पोटात असेल तर एकूण औषध आटोक्यात राहतं आणि माणूस घड्याळाकडे डोळे लावून बसत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. व्यसनाची भाषा मागण्यातून जन्म घेते. रुग्णाला मागायलाच लागलं नाही, तर वॉर्डातल्या कुणाला तो ‘औषधासाठी हपापलेला’ दिसत नाही.

पुढे १९८२ मध्ये मिलान शहरात जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं तज्ज्ञ एकत्र बसले. त्यांत इटलीचे व्हित्तोरिओ वेन्ताफ्रिद्दा होते, इंग्लंडचे रॉबर्ट ट्वायक्रॉस होते. गरीब देशातल्या साध्या डॉक्टरलाही वापरता येईल असं काहीतरी त्यांना हवं होतं. त्यातून तीन पायऱ्यांची शिडी तयार झाली. सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशी औषधं. तेवढ्यानं भागलं नाही तर कोडीन किंवा ट्रॅमाडॉल. त्यापुढे मॉर्फिन. सोबत काही सूत्रं होती. शक्यतो तोंडावाटे द्या, घड्याळाप्रमाणे द्या, शिडीप्रमाणे द्या, प्रत्येक माणसागणिक मात्रा ठरवा आणि बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष ठेवा. जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठानं दहा वर्षांत २,११८ रुग्णांवर ही पद्धत वापरली. १९९५ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ७६ टक्के रुग्णांना चांगला आराम पडला. अशा अभ्यासांत तुलनेला दुसरा गट नसतो, ही टीका त्याच वर्षी झाली आणि ती रास्त होती. तरीही एवढ्या स्वस्त औषधांतून एवढा आराम, ही कॅन्सरच्या उपचारांत नित्य घडणारी गोष्ट नव्हे.

मग बिघडलं कुठे? एक दोष त्या सुंदर चित्रातच होता. शिडी म्हटलं की माणूस खालून एकेक पायरी चढू लागतो, आणि सगळ्यात वरच्या पायरीला ‘शेवटची’ म्हणू लागतो. मराठीत ‘शेवटची पायरी’ म्हणजे काय ते सांगायला नको. नातेवाइकांना मॉर्फिन हे नाव म्हणजे ‘आता घरी न्या’ याचंच दुसरं रूप वाटतं. डॉक्टरही ते लांबवत राहतो आणि रुग्ण मधल्या पायरीवर अडकतो. मुळातली सूचना तशी कधीच नव्हती. दुखणं ज्या जोराचं असेल त्याच पायरीवर थेट पाय ठेवायचा, खालच्या पायऱ्यांचं भाडं भरायचं नाही.

मधल्या पायरीचा मोह समजण्यासारखा आहे. पहिल्या पायरीवरच्या औषधांना मर्यादा आहेत. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅमच्या पुढे देत नाहीत, यकृत धोक्यात येतं. डायक्लोफेनॅकसारखी औषधं दीर्घकाळ दिली तर जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं थकतात. म्हणून ट्रॅमाडॉल. तालुक्याच्या दुकानात मिळतं, नावाचा धसका नाही. पण त्यालाही दिवसाला चारशे मिलिग्रॅमचं छप्पर आहे. कोडीनची गंमत आणखी वेगळी. पोटात गेल्यावर त्याचा थोडा भाग शरीर मॉर्फिनमध्येच बदलतं, आणि दुखणं थांबवायचं काम मुख्यतः तो भाग करतो. काहींच्या शरीरात हा बदल जवळजवळ होतच नाही. त्यांनी गोळ्या मोजून घ्याव्यात आणि दुखणं तसंच राहावं. मॉर्फिनला घाबरून कोडीन देणं म्हणजे पुढच्या दारानं यायला नको म्हटलेल्या माणसाला मागच्या दारानं घेण्यासारखं आहे.

२०१६ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी ही मधली पायरी कसोटीला लावली. मध्यम दुखणं असलेल्या २४० रुग्णांपैकी निम्म्यांना दुसऱ्या पायरीची औषधं मिळाली, निम्म्यांना थेट थोड्या मात्रेत मॉर्फिन. मॉर्फिनच्या गटात ८८ टक्क्यांना ठळक आराम पडला, दुसऱ्या गटात जवळपास ५८ टक्क्यांना. दुष्परिणाम दोन्हीकडे सारखेच. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शिकेत ‘शिडीप्रमाणे’ हे सूत्र मूळ तत्त्वांतून काढून शिकवण्याचं साधन म्हणून परिशिष्टात ठेवलं. घड्याळ मात्र तत्त्वांतच राहिलं. आपल्याकडे नेमकं उलटं झालं आहे. मधली पायरी पक्की आणि घड्याळ गायब.

वरच्या पायरीला कुलूप का आहे, हे कळायला जरा उत्तरेकडे जावं लागेल. मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमचच्या शेतांत फेब्रुवारी-मार्चमध्ये अफूची बोंडं तयार होतात. दुपारी बोंडांवर बारीक दातांच्या अवजारानं चिरा पाडतात. रात्रभर चीक पाझरतो, सकाळी खरवडून घेतात. सरकारी परवाना, सरकारी मोजमाप, सरकारी खरेदी. माल जातो नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत. चिकापासून कायदेशीर अफू काढणारा आणि परदेशी औषध कंपन्यांना निर्यात करणारा भारत हा जगातला प्रमुख देश. याच झाडाच्या बिया म्हणजे खसखस, दिवाळीत अनारसे थापायला लागते ती. म्हणजे बी आपल्या डब्यात असतं, चीक जहाजानं बाहेर जातो, आणि त्याच चिकापासून बनणाऱ्या काही पैशांच्या किंवा फार तर काही रुपयांच्या गोळीसाठी सांगोल्याचे आबा पहाटे भिंतीवर थापा मारतात.

१९८५ मध्ये अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा आला, एनडीपीएस या नावानं सगळ्यांना ठाऊक असलेला. हेतू चोरटा व्यापार मोडण्याचा होता. बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षं सक्तमजुरी होती, आणि नोंदवहीतली चूक व तस्करी यांच्यात भेद करायला फारशी जागा नव्हती. मॉर्फिन ठेवायचं तर अनेक परवाने, तेही वेगवेगळ्या खात्यांचे, आणि सगळे एकाच वेळी चालू हवेत. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात यायचा नाही. रुग्णालयांनी आणि दुकानांनी सोपा मार्ग धरला. ठेवायचंच नाही. देशात वैद्यकीय कामासाठी वापरलं जाणारं मॉर्फिन सुमारे ९७ टक्क्यांनी घटलं आणि १९९७ मध्ये वर्षाला १८ किलोवर आलं. साखरेचं पोतं पन्नास किलोचं असतं. नव्वद कोटींच्या वरच्या देशाला पोतंभरही नाही. त्याहून वाईट म्हणजे डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीनं तोंडावाटे मॉर्फिन कधी हाताळलंच नाही, आणि न हाताळलेल्या औषधाची भीती पुढच्या पिढीला तेवढी शिकवली.

त्या भीतीला आपल्याकडे इतिहासही आहे. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी चाटवून झोपवत, त्यातून काही मुलं उठतच नसत. तेव्हा अफू म्हटल्यावर दचकणाऱ्या आजीला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. फक्त तिला जे दचकवतं ते आणि आबांना जे हवं ते, यांत मात्रेचा, मोजमापाचा आणि कारणाचा फरक आहे.

व्यसनाचा प्रश्न तरीही टाळता येत नाही. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कोझिकोडला वेदनाशमनाचं काम सुरू केलं. रुग्णांना मॉर्फिनच्या गोळ्या घरी न्यायला देत. कायदा करणाऱ्यांच्या दृष्टीनं हे म्हणजे चोराच्या हाती किल्ली. दोन वर्षांच्या काळातल्या १,७२३ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि २००१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापल्या. गोळ्या दुसरीकडे वळवल्याचं किंवा गैरवापराचं एकही प्रकरण आढळलं नाही. कॅन्सरच्या रुग्णाचं शरीर मॉर्फिनला सरावतं, अचानक बंद केलं तर त्रास होतो, म्हणून कमी करत न्यावं लागतं. हे स्टिरॉइडच्या बाबतीतही खरं आहे आणि स्टिरॉइड घेणाऱ्याला कुणी व्यसनी म्हणत नाही.

अमेरिकेचं उदाहरण इथे लगेच फेकलं जातं, आणि फेकलं जावंच. पर्ड्यू कंपनीनं १९९६ पासून ऑक्सिकोन्टिन ही गोळी पाठदुखी-सांधेदुखीच्या माणसांना, व्यसनाचा धोका कमी असल्याचं सांगत, आक्रमकपणे विकली. २००७ मध्ये तिनं न्यायालयात गोळीबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला. तिथल्या व्यसनाच्या साथीचं मूळ तिथे आहे. त्या धड्याचा आपल्याकडे उपयोग आहे तो वेगळ्या रुग्णांसाठी. कॅन्सरमधून बरे झालेले, पुढे वीस वर्षं जगणारे, पण शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं उरलेले लोक आता वाढताहेत. त्यांना वर्षानुवर्षं मॉर्फिन देणं धोक्याचंच आहे. गाठ वाढत असलेल्या आबांना त्यांच्यासोबत एकाच रांगेत उभं करणं मात्र साफ चूक. अमेरिकेत औषध दुकानदारीनं ओतलं, आपल्याकडे कायद्यानं आटवलं. लॅन्सेटच्या आयोगानं २०१७ मध्ये हिशेब मांडला तेव्हा भारतात गरजेच्या जेमतेम चार टक्के इतकंच वेदनाशामक अफूजन्य औषध पोचत होतं. चार टक्क्यांवर बसून अतिरेकाची चिंता करणं म्हणजे दुष्काळी गावानं पुराची नोटीस लावण्यासारखं आहे.

वरची पायरी प्रत्यक्षात कशी चढतात, ते दोनशे पानी वहीवरही दाखवता येतं. डॉक्टर आबांना दहा मिलिग्रॅमची साधी गोळी दर चार तासांनी सुरू करतात. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दोन एकदम, म्हणजे पहाटे दोनला कुणाला उठायला नको. एकूण साठ मिलिग्रॅम. मध्येच कळ आली तर दिवसाच्या एकूण मात्रेचा साधारण सहावा हिस्सा, इथे आणखी एक गोळी, आणि पुढचा ठरलेला डोस चुकवायचा नाही. सून वहीत खुणा करते. काल मधल्या तीन गोळ्या लागल्या, म्हणजे नव्वद झाले. डॉक्टर दर वेळची मात्रा पंधरावर नेतात. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, हेही त्याच ओळीत. सुरुवातीला आबा आठ सांगायचे, तेही सुनेनं बोटं पुढं केल्यावर. मॉर्फिनला ट्रॅमाडॉलसारखं ठरलेलं छप्पर नाही. मात्रा सहन होईल तशी वाढवता येते. मात्र मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याचे अवशेष साठतात, तेव्हा मात्रा कमी करावी लागते किंवा औषधच बदलावं लागतं. नळीतून द्यायची ती साधी गोळी कुटता येते. हळूहळू विरघळणारी, बारा तास पुरणारी गोळी कुटायची नाही, सगळा डोस एकदम अंगात उतरतो. ही एक ओळ चिठ्ठीवर ठळक लिहायला हवी, आणि सहसा ती नसते.

बारीकसारीक गोष्टी म्हणजे ह्याच. मॉर्फिनमुळे पहिले काही दिवस मळमळतं, झापड येते, मग बहुधा ओसरतं. शौचाला न होणं मात्र ओसरत नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून सोबतच हवं. ते द्यायला विसरल्यामुळे पाचव्या दिवशी पोट फुगलेला रुग्ण मॉर्फिनलाच नाव ठेवतो आणि गोळी बंद करतो. गालातून कानाकडे वीज चमकावी तशी जाणारी कळ नसेची असते. तिला अमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेन्टिनची जोड लागते. कॅन्सर हाडात गेला असेल तर एकाच बैठकीत दिलेला आठ ग्रेचा ‘लाइट’ अनेकांना आराम देतो. शिडीच्या चित्रात हे सगळं बसत नव्हतं.

आणि काही दुखणी तर गोळीतच बसत नाहीत. साँडर्सबाईंनी त्याला ‘समग्र वेदना’ म्हटलं होतं. आबांना टोचतं ते ऑपरेशनसाठी विकलेलं शेत, नातीचं ठरत आलेलं लग्न, आणि जखमेचा वास. वासामुळे पारावरचे सोबती ओट्याच्या पलीकडूनच “बरं आहे ना” विचारून जातात. मेट्रोनिडाझोलची साधी गोळी कुटून जखमेवर भुरभुरली, ड्रेसिंग रोज बदललं, तर तो वास बराच मोडतो. त्यानंतर सोबती आत येऊन बसले, तर त्या दिवशीच्या वहीत आकडा आठवरून सहावर आलेला दिसू शकतो, मॉर्फिन न वाढवता. उलटंही खरं आहे. दुखणं आठवर असताना समुपदेशनाची चार वाक्यं ऐकवणं हा रुग्णाचा अपमान आहे. आधी गोळी, मग गप्पा.

महाराष्ट्राला हे सगळं नवं नाही. शिडी छापली गेली त्याच १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसोझा यांनी वांद्र्याला शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस सुरू केलं, पुढे गोव्यातही त्याची शाखा झाली. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, आणि परळच्या टाटा रुग्णालयात वेदनाशमनाचा स्वतंत्र विभागच आहे. २०१४ मध्ये एनडीपीएस कायदा दुरुस्त झाला. मॉर्फिनसह काही औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली, परवान्यांचं जंजाळ काढून मान्यता देण्याचं काम राज्याच्या औषध नियंत्रकाकडे आलं. कागदावर कुलूप निघालं आहे. पण मान्यता मागायला रुग्णालयानं अर्ज करावा लागतो, प्रशिक्षित डॉक्टर दाखवावा लागतो, नोंदी ठेवाव्या लागतात. चाळीस वर्षं हे नको म्हणून वाचलेल्या जिल्ह्यातल्या डॉक्टरला ही उठाठेव करायचं कारण तेव्हाच मिळेल, जेव्हा फायलीतल्या ‘दुखलं तरच’ला कुणी चूक म्हणेल. तापाचा आकडा लिहिला नाही तर सिस्टरला बोल बसतो. दुखण्याचा आकडा न लिहिल्याबद्दल अजून कुणाला बोल बसल्याचं ऐकिवात नाही.

तोवर मॉर्फिन मिळणारी खिडकी मोठ्या शहरात आहे. आबा आता बसू शकत नाहीत, म्हणून थोरला मुलगा पहाटेच्या एसटीनं निघतो. खिशात आबांचं कार्ड, रिकामी पाकिटं आणि सुनेची वही. डॉक्टर वहीतले आकडे बघतात, दुपारच्या एका खुणेवर बोट ठेवून विचारतात, “ही कुठली?” मुलाला सांगता येत नाही, तो तिथूनच घरी फोन लावतो. पलीकडून सून सांगते, ड्रेसिंग करताना दुखलं म्हणून दिली होती. डॉक्टर चिठ्ठीवर आणखी एक ओळ वाढवतात, ड्रेसिंगच्या आधी अर्धा तास एक गोळी. मुलगा महिन्याच्या गोळ्या मोजून घेतो, वहीवर सही करतो आणि तीनची परतीची गाडी मिळते का ते बघायला स्टँडकडे निघतो. रात्री दहाच्या गोळ्यांच्या आत घरी पोचायचं असतं.